गाडी घ्यायची कोणी आणि निवडायची कोणी?

आमच्या पाटण भागात एखाद्या घरी चारचाकी घ्यायचे ठरले की त्या घराला स्वतःचे मत उरत नाही. पारावरचे, दूध डेअरीवरचे, एस्टीच्या थांब्यावरचे असे सगळेच परीक्षक होतात. उभ्या आयुष्यात ज्याने सायकलच्या पलीकडे काही चालवले नाही, तोही इंजिनावर अधिकारवाणीने बोलू लागतो. मुलाला स्थळ बघताना होत नाही इतकी चौकशी गाडीची होते. आणि एवढ्या चौकशीत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ही गाडी रोज चालवणार कोण?

हा लेख त्या एका प्रश्नासाठी लिहिला आहे. वार्षिकांकात पावसावर, मैत्रीवर किंवा 'आजची शिक्षणपद्धती' या विषयावर लिहिण्याची प्रथा आहे. तिचा मान राखूनही मला असे वाटते, की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात पुढच्या चार-पाच वर्षांत पहिली गाडी येणार आहे. तिच्याविषयी विचार कसा करावा हेही शिक्षणच आहे. निमित्त दोन छोट्या गाड्यांचे आहे. एक मारुती सुझुकीची वॅगन आर आणि दुसरी टाटा मोटर्सची टियागो. दोन्ही हॅचबॅक जातीच्या, म्हणजे मागचे दारच वर उचलून सामान ठेवायचे अशा. दोन्हींची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन बाराशे सीसीच्या आत. अशा पेट्रोल गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. त्याबरोबर आमच्या घरात चार वर्षे 'बघू' या शब्दापाशी अडलेली गोष्ट 'कोणती?' या शब्दापाशी येऊन पोहोचली.

गाडी ताईसाठी घ्यायची आहे. ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. घरापासून दवाखाना बावीस किलोमीटर. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला जाताना वाटेत अंधार पडतो आणि दुपारच्या पाळीवरून सुटल्यावर आमच्या गावाकडे येणारी एस्टी मिळत नाही. म्हणून ती स्कूटीवर जाते. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जून ते सप्टेंबर स्कूटीवरचे चव्वेचाळीस किलोमीटर म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. कर्ज तिच्या पगारावर निघणार आहे, हप्ता तिच्या खात्यातून जाणार आहे आणि स्टिअरिंगवर हात तिचे असणार आहेत. तरीही 'कोणती?' याचा खल चालू असतो तो आमचे वडील आण्णा, चुलते तात्या आणि पारावरची मंडळी यांच्यात. ताई त्या वेळी पाळीवर असते.

या मंडळींच्या बोलण्यात अर्थ नसतो असे मी म्हणत नाही. त्यांच्या प्रत्येक मुद्द्यात काही तथ्य आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊनच पाहावे.

पहिला मुद्दा अर्थातच मायलेजचा. "लिटरला किती देते?" हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे. कंपन्यांनी जाहीर केलेले चाचणीतले आकडे पाहिले, तर एक लिटरच्या इंजिनाची पेट्रोल वॅगन आर २४ किलोमीटरच्या वर जाते आणि टियागो १९-२० च्या घरात राहते. सीएनजीवरही वॅगन आरचा जाहीर आकडा किलोला ३४ च्या आसपास आणि टियागोचा २६ च्या आसपास आहे. इथे वॅगन आर सरळ पुढे आहे. ती अंगाने हलकी आणि तिचे साधे इंजिन ९९८ सीसीचे. टियागो अंगाने जड आणि तिचे इंजिन ११९९ सीसीचे. हलक्या गाडीला कमी खायला लागते, यात नवल काही नाही.

पण फरक किती, हे पारावर कोणी मांडून दाखवीत नाही. मी मांडले. रोजचे ४४ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ११०० किलोमीटर. चाचणीतले आकडे रस्त्यावर मिळत नाहीत म्हणून ते खाली आणून वॅगन आरला १८ आणि टियागोला १५ धरले. मग एकीला महिन्याला ६१ लिटर लागते आणि दुसरीला ७३. फरक बारा लिटरचा. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला तेराशे रुपयांच्या आसपास, पाच वर्षांत सुमारे ७७ हजार. ही रक्कम लहान नाही. आमच्या घरात तर मुळीच नाही. परंतु 'टियागो पेट्रोल पिते' या वाक्याने जी भीती बसते ती अमर्याद असते आणि महिन्याला तेराशे रुपये ही रक्कम मर्यादित आहे. तेराशे रुपये देऊन त्या बदल्यात काय मिळते, हे आता विचारता येते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण संधी-खर्च शिकतो तो हाच. परीक्षेत त्याची व्याख्या लिहून पाच गुण मिळवायचे आणि घरी आल्यावर विसरून जायचे, असा त्याचा उपयोग नाही.

दुसरा मुद्दा मिस्त्रीचा. तात्या म्हणतात, "घ्यायची तर मारुती घे. वाटंत बंद पडली तर कुठलाबी मिस्त्री उघडतोय." हे खरे आहे. मारुतीची पहिली ८०० गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या ग्राहकाच्या हाती गेली, तेव्हापासून या कंपनीने देशभर दुरुस्तीचे जाळे विणले आणि ते देशात सर्वांत मोठे आहे. वॅगन आर १९९९ च्या डिसेंबरात इथे आली, म्हणजे माझ्याहून वयाने मोठी. तिचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि जुनी झाल्यावर तिला गिऱ्हाईकही लवकर मिळते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही आर्थिक वर्षांत देशात सर्वांत जास्त खपलेली मोटार वॅगन आरच होती. इतक्या लोकांनी घेतलेली वस्तू वाईट कशी असेल, हा प्रश्न रास्त आहे.

टियागो त्या मानाने लहान. ती २०१६ च्या एप्रिलमध्ये आली. तिचे नाव आधी 'झिका' ठरले होते. नेमक्या त्याच सुमारास झिका विषाणूची साथ जगभर गाजू लागली आणि कंपनीने घाईने नाव बदलले. ताईला हे सांगितल्यावर ती खूप हसली. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला होता, तेव्हाची डासांच्या अळ्यांची व्याख्याने तिला पाठ आहेत. "बरं झालं बदललं," ती म्हणाली, "नाहीतर दवाखान्याच्या दारात झिका लावून आले, असं सांगावं लागलं असतं." असो. दहा वर्षांत टियागोही आता अनोळखी राहिलेली नाही. तिची दुरुस्ती पारावरच्या मिस्त्रीकडे होणार नाही, कऱ्हाडला न्यावी लागेल, एवढाच फरक. आणि ताई तर रोज त्याच दिशेला जाते.

तिसरा मुद्दा जागेचा, आणि हा मला सर्वांत जड वाटतो, कारण तो आजीचा आहे. आजीचे गुडघे गेले आहेत. वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर आहे. टियागो तिच्यापेक्षा सुमारे चौदा सेंटिमीटर ठेंगणी आहे. चौदा सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या वितीहून जास्त. कागदावर हा आकडा क्षुल्लक दिसतो, पण नऊवारी नेसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला गाडीत 'उतरावे' लागते की खुर्चीवर टेकावे तसे 'टेकता' येते, हा भेद त्या अर्ध्या वितीत आहे. वॅगन आरची बैठक उंच, दार उभट आणि छत डोक्यापासून दूर. तात्यांचा फेटाही त्यात सरळ राहतो. सामानाची जागा वॅगन आरला ३४१ लिटर आणि टियागोला २४२ लिटर. बाजारहाट, खताची पिशवी, दिवाळीचे सामान यांना वॅगन आर जास्त सोयीची, यात शंका नाही. सीएनजीची घेतली तर मात्र चित्र थोडे पालटते. २०२३ साली टाटांनी टियागोत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवल्या. त्यामुळे वर सामानाला जागा राहते. वॅगन आरमध्ये टाकीनेच बरीचशी डिकी व्यापलेली असते.

आजीच्या गुडघ्यांना मी उत्तर देऊ शकत नाही. फक्त एवढेच विचारते, की आजी महिन्यातून किती वेळा गाडीत बसणार? डॉक्टरकडे एकदा, आत्याकडे एकदा, देवाला एकदा. ताई महिन्यातून पन्नास वेळा बसणार. ज्या गाडीला 'रोजची गाडी' म्हणायचे, तिचा निर्णय सणावारच्या बसण्यावरून करावा काय? आजीला मी हे बिचकतच विचारले. आजी म्हणाली, "माझं काय, मला दोघी धरून बसवाल. तिला कोण धरणार हाय?" पारावरच्या महिनाभराच्या चर्चेत इतके मुद्द्याचे वाक्य मी ऐकले नव्हते.

चौथा मुद्दा स्वदेशीचा. आमच्या कॉलेजातल्या मुलांत हा फार चालतो. टाटा म्हणजे आपले, मारुती म्हणजे जपानी, असा तो मांडला जातो. यात अर्धे सत्य आहे. सुझुकी ही जपानी कंपनी मारुतीची मुख्य मालक आहे. टाटांनी १९९८ साली 'इंडिका' आणली ती पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला तयार झाली आणि इथल्या अभियंत्यांनी पहिल्यापासून घडवलेली मोटार म्हणून तिचे कौतुक झाले. ते कौतुक योग्यच होते. पण टियागो पुण्याची नव्हे. ती गुजरातेत साणंदला तयार होते. पश्चिम बंगालमधले सिंगूर २००८ साली सोडावे लागल्यावर नॅनोसाठी जो कारखाना तिथे उभा राहिला, त्याच कारखान्यात. आणि वॅगन आर तयार होते हरियाणात. तेव्हा दोन्ही गाड्यांना घाम भारतीय कामगाराचाच लागला आहे. देशप्रेम दाखवायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. मोटारीचा हप्ता ही त्यातली नव्हे.

आता पाचवा मुद्दा. हा पारावर निघतच नाही. गाडी आपटली तर आतल्या माणसाचे काय होते?

ग्लोबल एनकॅप नावाची संस्था गाड्या मुद्दाम आपटून पाहते. ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने गाडीची एक बाजू अडथळ्यावर धडकवायची आणि आत बसवलेल्या पुतळ्यांना कुठे किती इजा होते ते मोजून तारे द्यायचे, अशी ती पद्धत. २०१९ साली वॅगन आरला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी दोन तारे मिळाले. २०२० च्या जानेवारीत टियागोला चार मिळाले. पुढे २०२२ पासून नियम कडक झाले, आणि त्या नव्या नियमांनी २०२३ साली वॅगन आरला एकच तारा मिळाला. मुलांच्या सुरक्षेसाठी एकही नाही.

इथे प्रामाणिकपणाने वाचले पाहिजे. 'चार विरुद्ध एक' असे जे लोक म्हणतात ते दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण शेजारी मांडतात. टियागोची ती परीक्षा जुन्या, सोप्या नियमांची होती. एकाच नियमाने तपासलेले आकडे चार आणि दोन असे आहेत. दुसरे असे, की २०१९ ला तपासलेल्या वॅगन आरमध्ये फक्त चालकापुढे एअरबॅग होती आणि टियागोत दोन होत्या. पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग असण्याची सक्ती जुन्या गाड्यांनाही २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. आणि २०२५ साली मारुतीने वॅगन आरच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅगा दिल्या. म्हणजे २०२३ ला नापास झालेली वॅगन आर आणि नंतरची वॅगन आर सर्वस्वी एक नव्हेत. मात्र एअरबॅगांची संख्या वाढली म्हणून गाडीचा सांगाडा आपोआप मजबूत होतो, असेही नाही. एअरबॅग ही उशी आहे. घर पडत असेल तर उशी किती उपयोगी पडेल, याला मर्यादा आहे. तेव्हा जो घेईल त्याने आपण घेतोय त्या प्रकारात किती एअरबॅगा आहेत आणि त्या सालच्या गाडीची कोणती चाचणी झाली आहे, हे विचारून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. तिचे निकाल विचारायला पैसे पडत नाहीत.

सगळे जमेस धरूनही एका नियमाने मिळालेल्या चार आणि दोन या आकड्यांतला फरक मला डोळ्याआड करता येत नाही. आमच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर विनादिव्यांचे चालतात, कोकणात उतरणारे ट्रक रात्री धावतात आणि वळणावर समोरचा आपल्या बाजूला आलेला असतो. मायलेजचा फरक रोज थोडा थोडा जाणवतो. ताऱ्यांचा फरक कदाचित कधीच जाणवणार नाही आणि जाणवला तर एकदाच. रोज जाणवणाऱ्या गोष्टीला आपण हिशेब म्हणतो आणि एकदाच जाणवणाऱ्या गोष्टीला नशीब. माझा वाद या शब्दांशी आहे.

पण कोणतीही गाडी घेतली तरी पट्टा लावावाच लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या बाकावर होते, गाडी अत्यंत महागडी होती आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या गाडीच्या किमतीत आमच्या दोन्ही छोट्या गाड्या कितीतरी वेळा येतील. पट्ट्याला मात्र वेगळी किंमत पडत नाही. वेगाचेही तसेच. ताशी चाळीसवरून साठवर गेले की धडकेचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. भौतिकशास्त्र आम्ही दहावीतच सोडले असले तरी त्याने आम्हाला सोडलेले नाही.

आणि याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे आण्णा आणि तात्या दोन तारे की चार तारे याचा खल करीत असताना ताई ज्या वाहनावरून रात्री घरी येते, त्याला तारे नाहीत, छप्पर नाही, पट्टा नाही आणि एअरबॅगही नाही. वॅगन आर असो की टियागो असो, पावसाळ्यातल्या स्कूटीपेक्षा दोन्ही कितीतरी सुरक्षित आहेत. सर्वांत धोक्याचा पर्याय तिसराच आहे आणि तो म्हणजे 'अजून थोडं थांबू, चौकशी करू'. या पर्यायाला पारावर कोणी पर्याय मानीत नाही, कारण त्याला किंमत पडत नाही असे सगळ्यांना वाटते. ती पडते. ती रोज चव्वेचाळीस किलोमीटरच्या दराने पडते आणि ती आण्णा-तात्या देत नाहीत.

मग एवढे थांबायचे कारण काय? ते कारण मायलेज नाही आणि मिस्त्रीही नाही. एका संध्याकाळी तात्यांनी ते हळूच बोलून दाखवले. "पोरीच्या नावावर गाडी घ्यायची, उद्या लगीन झालं की गाडी सासरला जायची. हप्ते आपन फेडायचं का?" वास्तविक हप्ते 'आपण' फेडणार नाही आहोत, ताई फेडणार आहे, हे मी वर सांगितलेच आहे. पण बोलताना ते 'आपले' होतात. त्यावर उपाय म्हणून आरसी बुकावर आण्णांचे नाव घालावे असे निघाले. मग आण्णांच्या नावाची गाडी म्हणजे घरची गाडी. घरच्या गाडीला आजीचे गुडघे, तात्यांचा फेटा, खताची पिशवी आणि पुढे विकताना येणारी किंमत या सगळ्यांचा विचार लागतो आणि 'कोणती?' हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. गाडीच्या निवडीत इतका घोळ का होतो, हे मला त्या दिवशी उमगले. दोन गाड्यांत निवड करायची नव्हतीच. गाडी कोणाची, हे ठरले नव्हते.

आण्णांना मी दोष देत नाही. त्यांनी आयुष्यात जे घेतले ते सगळ्या घरासाठी घेतले. एका माणसासाठी काही घ्यायचे असते, हे त्यांनी स्वतःच्या बाबतीतसुद्धा कधी केलेले नाही. ताईला नर्सिंगला पाठवले तेव्हा याच पारावर त्यांना बोलणी खावी लागली आणि ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. म्हणूनच मला वाटते, की ज्यांनी तेव्हा ऐकले नाही त्यांनी आताही ऐकू नये. गाड्यांचे व्यवहार जमवणारा एक मध्यस्थ आमच्या घरी आला होता. तासभर तो आण्णांशीच बोलत होता. ताई समोर बसली होती. शेवटी तिने विचारले, "सीट वर-खाली होते का? माझी उंची कमी आहे, पुढचं बॉनेट दिसलं पाहिजे." तो क्षणभर थांबला आणि उत्तर त्याने आण्णांना दिले! आण्णा म्हणाले, "तिला सांगा. चालवनार ती हाय." मला वाटते, आमच्या घरातला निम्मा निर्णय तिथेच झाला.

आता माझे मत. मी गाडी चालवीत नाही. मला फक्त हिशेब मांडता येतो आणि शब्दांचा अर्थ लावता येतो. कलाशाखेने एवढे तरी शिकवले आहे. त्या जोरावर सांगते. घर गावातच असेल, फेऱ्या जवळच्या असतील, म्हातारी माणसे रोज बसणार असतील आणि महिन्याचा खर्च अगदी काटेकोर असेल तर वॅगन आर घ्यावी. तिच्या सोयी खऱ्या आहेत आणि तिला 'डबा' म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा आपल्या आजीला दोन्ही गाड्यांत बसवून पाहावे. पण एकट्या माणसाला रोज हमरस्त्यावरून, रात्री-अपरात्री, चाळीस-पन्नास किलोमीटर जायचे असेल तर महिन्याचे तेराशे रुपये जास्त मोजून टियागो घ्यावी. ताईच्या बाबतीत माझा कौल टियागोला आहे.

परंतु माझा कौल हा पारावरच्या कौलांत आणखी एक कौल आहे, हे मी जाणते. ताई दोन्ही गाड्या स्वतः चालवून पाहील. वॅगन आरच्या उंच बैठकीवरून तिला रस्ता अधिक नीट दिसला आणि तीच तिला बरी वाटली, तर तीच घ्यावी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या माणसाला गाडीचा भरवसा वाटतो तो गाडी नीट चालवतो आणि नीट चालवणे हे कोणत्याही ताऱ्यापेक्षा आधीचे आहे. माझा आग्रह तीनच गोष्टींचा आहे. निवड तिची असावी. आरसी बुकावर नाव तिचे असावे. आणि हे सगळे पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी व्हावे.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी हा विषय निघेल तेव्हा लिटरला किती देते हे जरूर विचारा. आपल्या घरांत तो प्रश्न विचारल्यावाचून भागत नाही. पण तो दुसरा प्रश्न असू द्या. पहिला प्रश्न, रोज कोण चालवणार? आणि त्याचे उत्तर मिळाले की त्या माणसाला चर्चेला बोलवा. ते माणूस पाळीवर असेल तर ते घरी येईपर्यंत चर्चा थांबवा.

(द्वितीय वर्ष, कला)